पळसबोडीच्या राणीचं पथ्य

पळसबोडी, ता. गडचिरोली, जि. चांदा
२२ ऑगस्ट १९५७

ती. गुणवंतभाऊंस,
इंदूचा नमस्कार.

तुमचं पार्सल पोचलं. पोस्टमन ते डोक्यावर घेऊन गावात शिरला, तेव्हा अर्ध्या गावाला वाटलं पुन्हा मतदान आलं. मी सगळ्यांसमोर फोडून दाखवलं, तर आत चाळीस छापील तक्ते, प्रत्येकात साठ प्रश्न, आणि तुमची चिठ्ठी: ‘तेरा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना विचारून हो किंवा नाही यावर खूण कर. वयात येताना मुलांना स्वतःबद्दल काय वाटतं, हे आपल्याकडे कोणी विचारलेलंच नाही.’ भाऊ, हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. साठ प्रश्न तेवढे आवडले नाहीत. पण थोरला मामेभाऊ, त्यातून नागपूरच्या कॉलेजातला डॉक्टर, म्हणून निमूट कामाला लागले.

आता निकाल ऐका. एकतीस मुलंमुली झाली आणि एकतीसही जणांचं साठही प्रश्नांना उत्तर ‘हो जी’. भीती वाटते का? हो जी. भीती अजिबात वाटत नाही का? हो जी. भूक मंदावली आहे का? हो जी, आणि तोंडात मुरमुऱ्यांचा बोकणा.

शेवटी उलगडा केला भैयाजींनी. हे इथल्या दंडार मंडळाचे प्रमुख आणि गावातलं वजनदार माणूस. म्हणाले, “बाई, मीच सांगतलं पोट्ट्याइले. सुईवाली बाई एवढी दूरून आली, आपल्यासाठी पायी फिरून राह्यली, तिले नाई म्हनाचं नाई.” इथं नर्सला सुईवाली बाईच म्हणतात. आता या माणुसकीवर रागवावं तरी कसं?

बत्तिसावा तक्ता मात्र कोरा आहे. चैतू, वय पंधरा. हा मुलगा तीन आठवड्यांपासून कोणाशीच बोलत नाही. पूर्वी दिवसभर गात असायचा. तुम्ही नागपूरकर, म्हणून सांगते: दंडार म्हणजे इकडचं नाच, गाणं आणि सोंगांचं नाटक. दिवाळीनंतर गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते, आणि मंडईत दंडार रंगली नाही तर वर्षभर शेजारची गावं टोमणे मारतात. पळसबोडीच्या दंडारीत बावीस वर्षं राणीचं काम लटारूभाऊ करत होते. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा गेला आणि राणीचे चाळ चैतूच्या पायात आले. यंदाची मंडई एकतीस ऑक्टोबरला आहे, आणि राणी मुकी. चैतूची आई रुखमाबाई रोज सकाळी माझ्या दारात उभी असते. “बाई, त्याले बोलती सुई द्या,” म्हणते. तिला एवढा एकच मुलगा आहे.

अशी सुई तुमच्याकडे असली तर पाठवा. नसली तर काय करू ते तरी लिहा.
तुमची,
इंदू

नागपूर
३१ ऑगस्ट १९५७

चि. इंदूस,
अनेक आशीर्वाद.

तुझे एकतीस तक्ते पाहून आमच्या आकडेमोड करणाऱ्या कारकुनाला हसू आवरेना. मला मात्र आवरलं. शास्त्राच्या कामात पाहुणचार कसला, हे त्या भैयाजींना नीट समजावून सांग. मुलं एकेकटी गाठ, आणि तू नुसती प्रश्न वाचत जा, हसू नकोस. तू हसलीस की समोरचा हो म्हणतोच, हे मी तुझ्या लहानपणापासून पाहत आलो आहे.

त्या मुलाचं मनावर घे. उन्हाळ्यात फ्लूची साथ होऊन गेली, तिचा काही अवशेष असेल. घसा बघ, गाठी चाचप, ऐकू येतं का ते पाहा. यात काही सापडलं नाही तर माझा अंदाज ऐक. पंधरा वर्षांच्या मुलाला लुगडं नेसवून गावापुढे नाचवतात. मुलगा वयात येतो आहे, त्याला ते नकोसं झालं असणार, आणि थोरांना नाही म्हणता येत नाही म्हणून त्यानं बोलणंच सोडलं. मौन हाच त्याचा निषेध. मला तर यात एक स्वतंत्र प्रकरण दिसू लागलं आहे. तू स्पष्ट शब्दांत भैयाजींना सांग की त्याला या जाचातून सोडवा.

निबंध डिसेंबरात वाचायचा आहे. वेळ थोडा आहे.
गुणवंत

पळसबोडी
१४ सप्टेंबर १९५७

ती. गुणवंतभाऊंस, नमस्कार.

घसा पाहिला. स्वच्छ आहे. गाठी नाहीत, कान माझ्यापेक्षा तिखट. ‘आ कर’ म्हटलं तर तोंड एवढं मोठं उघडतो, पण आवाज काढत नाही. डोळ्यांत मात्र पाणी उभं राहतं.

मग तुमचा अंदाज घेऊन मी भैयाजींकडे गेले आणि तावातावानं बोलले. त्या माणसानं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाला, “आमी जाच करतो म्हनता, बाई? त्यालेच इचारा ना.” त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझ्या चपला सापडेनात.

दुसऱ्या दिवशी बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पलीकडे एका बाळंतिणीला पाहायला जात होते, तेव्हा पळसांच्या आडोशाला चाळ वाजताना ऐकू आले. चैतू एकटाच राणीचा नाच करत होता. गाणं ओठांवर होतं, पण आवाज नव्हता. नाच मात्र इतका सुरेख, इतका मन लावून, की जाच कोणाला म्हणतात ते मलाच कळेना. भाऊ, त्या मुलाला कोणी नाचवत नाही. त्याला नाचायला जीव तुटतो. आपण दोघांनी मिळून छान माती खाल्ली.

भैयाजींची माफी मागायला गेले तर त्यांनी चहा पाजला आणि राणीचं पथ्य सांगितलं. तुम्हाला मौज वाटेल म्हणून लिहिते. इतर मुलांचे आवाज वयात फुटतात, हे इथं सगळे जाणतात. पण राणीचा फुटत नाही, कारण राणी पथ्य पाळते. आंबट खायचं नाही, कोणावर ओरडायचं नाही, बैलावरसुद्धा नाही. लटारूभाऊंनी ते बावीस वर्षं पाळलं, म्हणून त्यांचा आवाज आजही सोळाव्या वर्षाचा. ज्याचं पथ्य मोडेल त्याचा आवाज जाईल, आणि मग साऱ्या गावासमोर त्याच्या पायातले चाळ काढून घ्यायचे आणि त्याला पुन्हा मंडळात घ्यायचं नाही. असं कधी घडलेलं नाही, कारण मंडळ निघाल्यापासून गेल्या वर्षापर्यंत राणी एकच होती.

तुमचे तक्ते मी बाजूला ठेवले आहेत. रागवा. त्याऐवजी दुधाच्या पावडरीचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली आणि मुलांना सांगितलं, आता मी विचारणार नाही, तुम्ही डॉक्टरला विचारा. जे मनात असेल ते. नाव लिहायचं नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी सातवीतली चंदा बसते. तिनं कोणाचं काही फोडणार नाही अशी शपथ घेतली आहे, आणि त्या शपथेमुळे गावात तिचा भाव फार वाढला आहे.
इंदू

नागपूर
२३ सप्टेंबर १९५७

चि. इंदूस,

संशोधनात प्रश्न संशोधकानं विचारायचे असतात. मुलांनीच विचारायचे, तर मी इथं पदवी घेऊन काय करतो? तुझ्या डब्याचा निबंधात उल्लेख कसा करू, ‘दुधाच्या डब्याची पद्धत’ म्हणून?

त्या भैयाजींना माझाही नमस्कार आणि दिलगिरी सांग. प्रकरणाचं टाचण फाडून टाकलं.

डब्यात काय निघालं ते पहिल्या टपालानं पाठव. वाट पाहतो आहे असं समजू नकोस.
गुणवंत

पळसबोडी
३ ऑक्टोबर १९५७

ती. गुणवंतभाऊंस, नमस्कार.

सत्तेचाळीस चिठ्ठ्या! बत्तीस मुलं आणि सत्तेचाळीस चिठ्ठ्या, म्हणजे काहींनी दोन दोनदा डबा गाठला. सगळ्या नकलून सोबत पाठवते आहे, पण काही इथंच वाचा.

‘मिशी एकाच बाजूनं येऊन राह्यली. दुसरी बाजू कधी येईन?’

‘कामाच्या वेळी माय म्हनते तू मोठी झाली. मंडईले जाच्या वेळी म्हनते तू लहान हायेस. मी नेमकी कोन?’

‘तोंडावर पुटकुळ्या आल्या. साऱ्याइले दिसते की मलेच दिसते?’

जंगलाकडच्या टोल्यावरून, तिथल्या छोट्या वस्तीवरून, बुधरी नावाची गोंड मुलगी आली होती. तिनं चंदाकडून लिहवून घेतली आणि मला मुद्दाम सांगितलं, माझं नाव लिहिलं तरी चालेल. ‘माह्या साऱ्या मैत्रिणींचं गोंदून झालं, माहं राह्यलं. गोंदलं नाई तं मी मोठी झाली हे लोकाइले कसं समजन?’ याचं उत्तर तुमच्या कुठल्या पुस्तकात आहे?

आणि एक अशी: ‘डाक्टरसायब लहान होते तवा त्याइले असं काही झालं होतं का?’

आता मुद्द्याची चिठ्ठी. डब्याच्या तळाशी, आठ घड्या घातलेली. ‘मामीच्या इथी आंबाडीची भाजी खाल्ली. दोनदा मागून खाल्ली. तं गेलेला आवाज किती दिवसानं वापस येते?’

भाऊ, मी खाली बसले. तुम्हाला मौज म्हणून जे पथ्य लिहिलं, ते लिहिताना माझ्या डोक्यात प्रकाश कसा पडला नाही? श्रावणाच्या तोंडाशी चैतू सिंदेवाहीकडे मामाकडे रोवण्याला, भाताच्या लावणीला, गेला होता. तिथे आंबाडी झाली, त्यानं खाल्ली, आणि परत आल्यावर एका सकाळी गायला गेला तर आवाज फाटला. पंधरा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटायचा तेव्हा फुटला. पण त्याच्या हिशेबी ती शिक्षा होती. म्हणून तो गप्प आहे. बोलला की आवाज ऐकून सगळ्यांना कळणार, चाळ जाणार, आईची मान खाली जाणार.

नाव नसलेल्या चिठ्ठीवरून कोणाला जाऊन धरणं बरं नाही, म्हणून मी काही केलं नाही. बोडीच्या काठावर नुसती जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी तो आपण होऊन शेजारी येऊन बसला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलला. अर्धा शब्द जाड, अर्धा बारीक. “बाई, मी लय वाईट केलं.” मी सांगितलं, अरे वेड्या, हे सगळ्यांचं होतं, आंबाडीचा काही संबंध नाही. तर म्हणतो, “मंग लटारूभाऊचा काऊन नाई झाला?”

माझा शब्द इथं सुई आणि बाळंतपणापुरता चालतो. तुम्ही डॉक्टर म्हणून पत्र लिहा, मंडळासमोर वाचता येईल असं. चैतूचं नाव घालू नका. मंडईला चार आठवडे राहिले आहेत, आणि तोवर हे निभावलं नाही तर त्या मुलाचे चाळ जातील. तो पुन्हा कधी तोंड उघडेल असं मला वाटत नाही.
इंदू

नागपूर
१० ऑक्टोबर १९५७

चि. इंदूस,

सोबत वेगळ्या कागदावर मंडळाला वाचून दाखवायचं पत्र आहे, सही आणि शिक्क्यासह. साधं लिहिलं आहे. गळ्यात एक पेटी असते, वयात येताना ती वाढते, तिच्या तारा लांब आणि जाड होतात, आणि आवाज खाली उतरतो. लहान ढोलकीची मोठी ढोलकी होते, एवढंच. वाढ चालू असताना तो कधी वर, कधी खाली पळतो. आंबाडी खाल्ली तरी, न खाल्ली तरी. हा आजार नाही, शिक्षा नाही, कोणाचा दोष नाही.

हे पत्र मात्र तुझ्यासाठी आहे.

‘डाक्टरसायब लहान होते तवा त्याइले असं काही झालं होतं का?’ ही चिठ्ठी मी टेबलाच्या कप्प्यात टाकली, मग काढली, मग पुन्हा टाकली. साठ प्रश्न मी परक्या मुलांना विचारायला निघालो होतो, आणि त्यांच्या एका प्रश्नाला मला तीन दिवस लागले. तर उत्तर असं. झालं होतं.

मी चौदा वर्षांचा होतो. शाळेच्या संमेलनात स्वागताचं गाणं माझं होतं, कारण वर्गात माझा आवाज सगळ्यांत गोड होता. तुला खोटं वाटेल. पहिली ओळ नीट झाली. दुसऱ्या ओळीला माझ्या गळ्यातून असं काही निघालं की पाहुण्यांनी खुर्चीवरून वळून मागे पाहिलं. सगळा हॉल हसला. मी पळालो. दुसऱ्या दिवशी काखेत कांदा धरून अंग तापवलं आणि आत्येला, म्हणजे तुझ्या आईला, सांगितलं की कालच ताप होता. ती आजही तेच सांगते. त्यानंतर मी गायलो नाही. मला वाटलं, मी काहीतरी चोरटं केलं होतं आणि त्याचं हे फळ. काय केलं होतं म्हणशील, तर संमेलनाच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या बागेतले दोन पेरू. शरीरशास्त्र शिकलो, शेकडो मुलांना शिकवलं, पण ते पेरू माझ्या डोक्यातून आजवर गेले नव्हते. हे तुझ्या चैतूमुळे लक्षात आलं.

त्याला हे सांगायचं असलं तर सांग. पेरूंसकट.
गुणवंत

पळसबोडी
१९ ऑक्टोबर १९५७

प्रिय गुणवंतभाऊ,

तुम्ही नुसते भाऊ आहात, म्हणून आज ‘तीर्थरूप’ला सुट्टी. आरतीच्या वेळी तुम्ही नुसते ओठ हलवता हे मला दहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. मला वाटायचं डॉक्टर झाले म्हणून देवाशी फटकून वागतात. चैतूला पेरूंची गोष्ट सांगितली. तो इतका हसला की हसताहसता आवाज तीन वेळा फाटला.

काल तालमीच्या वेळी मंडळाची बैठक झाली. दहाबारा पुरुष, ढोलकी, विड्या, आणि मी एकटी बाई. मी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. शिक्का सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला. मग भैयाजी म्हणाले, “डाक्टरसायब खरं बोलत असन. पन एक सांगा, बाई. आमच्या लटारूचा आवाज काऊन नाई फुटला? बावीस वर्सं झाले.”

ते उत्तर पत्रात नव्हतं. शिकले होते मी, काही पुरुषांचा आवाज तसाच राहतो, पण ते लटारूभाऊंच्या तोंडावर कसं म्हणू?

तेवढ्यात मागच्या बाजूनं चैतू उभा राहिला. कोणी त्याचं नावही घेतलं नव्हतं. त्या फाटक्या आवाजात म्हणाला, “आंबाडी मी खाल्ली जी.” आणि वाकून पायातले चाळ सोडायला लागला. भैयाजींनी मान खाली घातली. नियम त्यांनीच मला अभिमानानं सांगितला होता.

“थांब गा,” असा एक बारीक आवाज आला. लटारूभाऊ भिंतीचा आधार घेऊन उठत होते. भाऊ, त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते विसरू शकत नाही.

“मी सोळाचा होतो,” ते म्हणाले. “संगातल्या साऱ्या पोट्ट्याइचे आवाज फुटले. माहा तसाच राह्यला. हसत मले. ‘बाई आली, बाई आली’ म्हनत. मले वाटे, मी पोट्टाच नाई का काय. मंग मंडळ निंगालं, मी रानी झालो. आन एक दिवस मी सांगतलं, मी पथ्य पाळून राह्यलो म्हनून माहा आवाज असा हाये. लोकाइले पटलं. हसनं बंद झालं. पथ्य-बिथ्य काही नवतं, भैयाजी. मी बनवलं ते. मंग बनवलं तं पाळा लागलं. बावीस वर्सं मी आंबाडी नाई खाल्ली. आन मले आंबाडी लय आवडते.”

ज्या गोष्टीसाठी गावानं त्यांना मान दिला, तीच त्यांनी त्या मुलासाठी खाली ठेवली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मग भैयाजी एकदम खेकसले, “म्हनजे बावीस वर्सं तू माह्या घरची भाजी वापस करत होतास, आन माही बायको म्हने माह्या हाताले चव नाई!” सगळे असे हसले की विड्या विझल्या. भैयाजींनी चैतूचे चाळ उचलले, स्वतःच्या हातानं पुन्हा त्याच्या पायात बांधले आणि लटारूभाऊंना घरी जेवायला नेलं. तिथं त्यांनी दोन वेळा मागून भाजी खाल्ली, अशी पक्की बातमी आहे.

चैतू आता रोज लटारूभाऊंसोबत बोडीवर जातो. नवा आवाज कसा वापरायचा ते शिकतो. मंडईत काय करणार ते मला सांगत नाहीत. घरी मात्र त्यानं गप्पच राहायचं, असं लटारूभाऊंनी बजावलं आहे. नवा आवाज लाजतो आहे, तो आधी पक्का होऊ दे म्हणतात. मंडळानं आणि मी मिळून रुखमाबाईंना एवढंच सांगितलं की काही आजार नाही, मंडईत बोलेल. त्या सुई मागायच्या थांबल्या, पण डोळ्यांतली काळजी काही गेली नाही.
इंदू

नागपूर
२६ ऑक्टोबर १९५७

चि. इंदूस,

परीक्षा लागल्या आहेत, मंडईला येता येत नाही. मन तिकडेच आहे.

लटारूभाऊंना माझा साष्टांग नमस्कार सांग, आणि हे एकांतात सांग: क्वचित एखाद्या पुरुषाचा आवाज बदलत नाही, जसा एखाद्याला मिशीच दाट येत नाही. त्यांच्यात काही कमी नाही, सोळाव्या वर्षीही नव्हतं. हे त्यांना तेव्हा कोणीतरी सांगायला हवं होतं. इथल्या गळ्याच्या तज्ज्ञालाही विचारून लिहितो आहे.

छापील तक्ते रद्दीत दिले. निबंधात मुलांचे प्रश्नच असतील, त्यांच्याच शब्दांत. ज्याची चिठ्ठी त्याची परवानगी घे. बुधरीला सांग, तिच्या प्रश्नाचं उत्तर मला येत नाही, म्हणून तो मी पहिला घेणार आहे.
गुणवंत

पळसबोडी
२ नोव्हेंबर १९५७

प्रिय गुणवंतभाऊ,

परवा मंडई झाली. आरमोरीपासून माणसं आली होती. बुधरी मैत्रिणींना घेऊन आली, गोंदण अजून नाही, पण माझा प्रश्न नागपूरला गेला म्हणून ऐटीत फिरत होती. तुमचा निरोप लटारूभाऊंना आदल्या दिवशीच सांगितला. त्यांनी कागद मागून घेतला, वाचता येत नसूनही घडी करून खिशात ठेवला.

दुपारी दंडार उभी राहिली. मी बायकांत रुखमाबाईंच्या शेजारी बसले. त्या राणीच्या वाटेकडे टक लावून होत्या. राणी आली तर लटारूभाऊ! गुडघा धड नाही, म्हणून राणी यंदा सिंहासनावरून उठलीच नाही, पण गायली अशी की पलीकडच्या गावाची माणसं माना डोलवत होती. रुखमाबाईंचा चेहरा मात्र पडला. “माह्या चैतूले काढलं व बाई यायनं,” त्या पुटपुटल्या. मी त्यांचा हात धरून ठेवला. मलाही काही माहीत नव्हतं.

मग राजाच्या दरबारात एक दरवान आला. मोठी दाढी, पागोटं, हातात भाला. खांबासारखा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “महाराज, दूर देशचे पाहुने दरवाज्यावर उभे हायेत!” भरीव, स्वच्छ आवाज. शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मागून कोणीतरी शिटी मारली.

रुखमाबाईंनी मला कोपरानं ढोसलं. “आवाज चांगला दमदार हाये. कोन्हाचा पोरगा व बाई हा?”

“तुमचाच,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाढीकडे पाहिलं, मग त्याच्या पायांकडे पाहिलं. आणि भरल्या मंडईत, बायकांच्या मधोमध त्या ताडकन उभ्या राहिल्या.

“चैतू! माह्या बाप्पा, अजून एक डाव बोल!”

ढोलकी थांबली. राजाला पुढचं वाक्य आठवेना. सगळी मंडई मागे वळली. राणी सिंहासनावरून म्हणाली, “बोल गा, मायचा हुकूम हाये.”

चैतूनं भाला सावरला, राजाकडे पाठ करून आईकडे तोंड केलं आणि पाहुणे आल्याचं पुन्हा एकदा सांगितलं.

तुमची,
इंदू